मुलाच्या साखरपुड्याला हिऱ्याची अंगठी घ्यायचीय, आणि आईच्या जुन्या कुड्यांबद्दलही विचारायचंय

उदगीरचे गुरुजी

नमस्कार मंडळी. मुलाचा साखरपुडा मार्गशीर्षात ठरलाय. होणाऱ्या सुनेच्या बोटात हिऱ्याची अंगठी घालायची असं पोरानं मनात घेतलंय. पगार त्याचा, हौस त्याची, माझी ना नाही. पण दुकानात सोबत मला यायचंय आणि हिऱ्यातलं मला ओ की ठो कळत नाही.

सोन्याचं तसं नव्हतं. आमच्या घरात आधी ज्वारी-कापूस आणि आता सोयाबीन विकून सणासुदीला थोडंथोडं सोनं घेत आलोत. वजन किती, आजचा भाव काय, मजुरी किती, मोडताना घट किती धरणार, एवढं विचारलं की व्यवहार कळतो. हिऱ्याला काय विचारायचं तेच माहीत नाही.

गेल्या आठवड्यात तीन दुकानं फिरलो, दोन लातूरला, एक उदगीरला. तिन्हीकडं साधी अंगठी, मधे एक गोल हिरा, ३० सेंटचा. पहिल्यानं ७२ हजार सांगितले, दुसऱ्यानं एक लाख ५ हजार, तिसऱ्यानं ३८ हजार. तिसऱ्याला विचारलं, एवढं स्वस्त कसं? तर म्हणे, "गुरुजी, हा पण खराच हिरा आहे, फक्त लॅबमधला." तिथून आम्ही बापलेक काही न बोलता चहा पिऊन परत आलोत.

दुसरं म्हणजे आईच्या कुड्या. एकेका कुडीत सात-सात खडे, मागून सोन्यानं बंद. आई म्हणते तिच्या सासूला हैदराबादहून आणलेल्या, निजामाच्या काळातल्या. आईला त्या नातसुनेला द्यायच्यात. खडे खरे हिरेच आहेत का, आणि त्यातला एखादा काढून अंगठीत बसवता येईल का?

सराफ्यातली सून (नांदेड)

गुरुजी, अभिनंदन. सासऱ्यांच्या पेढीवर मी सोळा वर्षं गल्ला आणि काउंटर दोन्ही बघते, म्हणून आधी बिलाचं सांगते. गिऱ्हाईक तिथंच जास्त गोंधळतंय.

कॅरेट हा शब्द दोन कामाला वापरतात. सोन्याचं कॅरेट म्हणजे शुद्धता: २४ म्हणजे चोख, २२ म्हणजे ९१६, १८ म्हणजे ७५०. हिऱ्याचं कॅरेट म्हणजे वजन. एक कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, आणि त्याचे शंभर भाग केले की एक सेंट. तुमचा ३० सेंटचा हिरा म्हणजे ०.०६ ग्रॅम. आमच्याकडं परवाच एक काका भांडायला लागले, "२२ कॅरेटचं सांगितलं आन १८ चं दिलं." हिऱ्याचा दागिना १८ कॅरेटमध्ये करतात कारण २२ चं सोनं मऊ पडतं. हिरा धरून ठेवणाऱ्या नख्या वाकल्या की खडा निसटतो. १८ मध्ये फसवणूक नाही. १८ चं सोनं देऊन २२ चा भाव लावला तर ती फसवणूक.

बिलात सोन्याचं निव्वळ वजन, हिऱ्याचं वजन, मजुरी आणि तीन टक्के जीएसटी हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या. अंगठी काट्यावर ३.२६० ग्रॅम भरली आणि हिरा ३० सेंटचा, तर सोनं ३.२०० च झालं. काही ठिकाणी सगळं वजन सोन्याच्या भावानं लावतात आणि हिऱ्याचे पैसे परत वेगळे घेतात. एका हिऱ्याच्या अंगठीत फरक थोडा पडेल, खड्यांनी भरलेल्या हारात मोठा पडतो.

सोन्यावर बीआयएसचं, म्हणजे भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, ७५० आणि एचयूआयडी म्हणजे सहा अक्षर-आकड्यांचा ओळख नंबर असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकून तिथल्या तिथं बघा. पण हा हॉलमार्क सोन्याचा असतो, हिऱ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. "हॉलमार्क आहे की" म्हणून हिऱ्याचीही खात्री दिली तर ऐकून घेऊ नका. हिऱ्याला प्रयोगशाळेचा कागद वेगळा लागतो, आयजीआय किंवा जीआयएचा. तो स्वतःच्या हातात घेऊन नंबर वाचा. तोच नंबर बहुतेक वेळा हिऱ्याच्या कडेवर लेसरनं कोरलेला असतोय, भिंगातून दिसतोय.

परत आलेला कारागीर

गुरुजी, मी बीड जिल्ह्यातला. चौदा वर्षं सुरतेत वराछा भागात घंटीवर, म्हणजे हिरे घासायच्या चाकावर बसलो, आता गावाकडं आहे. जगातले बहुतेक हिरे सुरतेतच पैलू पाडून निघतात. तिथं मी जे केलं तेच सांगतो.

चार गोष्टींवर भाव ठरतो: वजन, रंग, स्वच्छता आणि कट. दुकानदार पहिल्या तीन सांगतो आणि चौथी बोटावर मोजल्यासारखी उरकतो. माझ्या मते सगळा जीव चौथ्यात आहे. बाकी तीन निसर्ग देतो, कट माणूस देतो.

गोल हिऱ्याला सत्तावन्न पैलू असतात, खालचं टोक घासलं असेल तर अठ्ठावन्न. वरच्या भागाला आम्ही मथाळा म्हणायचो, खालच्याला तळिया. उजेड वरून आत शिरतो, तळियाच्या पैलूंवर आपटतो, समोरच्या पैलूवर जातो आणि वरून परत बाहेर येतो. हे कोन बरोबर असले तरच. तळिया जास्त खोल झाला तर उजेड बाजूनं निसटतो आणि हिरा मधे काळा पडतो. उथळ झाला तर मधे पांढरट कडं दिसतं. १९१९ साली टोल्कोव्स्की नावाच्या माणसानं हे कोन गणितानं मांडले. त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हिरे घासायचाच धंदा होता.

मग वाईट कट कुणी का पाडावा? कारण कच्चा हिरा घासताना निम्म्याच्या आसपास माल भुकटी होऊन जातो. मालक वर उभा राहून म्हणतो, वजन वाचव. समजा कोन नीट ठेवले तर ९४ सेंट बसतात आणि तळिया थोडा जाड ठेवला तर एक कॅरेट भरतो. एक कॅरेट म्हटलं की दर कॅरेटमागं एकदम वर उडी मारतो. असा जाड पोटाचा माल मी स्वतःच्या हातानं घासलाय आणि घासताना जीव तुटलाय. चांगल्या दगडाचा उजेड पोटात गाडून टाकायचा आणि गिऱ्हाइकानं त्याला जास्त पैसे मोजायचे.

म्हणून वजनाबरोबर मापही विचारा. चांगला कट असलेला गोल एक कॅरेट वरून साडेसहा मिलिमीटरच्या आसपास दिसतो, अर्धा कॅरेट पाच मिलिमीटरच्या थोडा वर, ३० सेंट ४.३ च्या जवळ. कागदावर ३० सेंट आणि माप ४ मिलिमीटर असेल तर वजन पोटात आहे असं समजा. माप प्रत्येक कागदावर छापलेलं असतं, पण कुणी वाचत नाही.

भाव ३०, ५०, ७० सेंट आणि एक कॅरेट अशा पायऱ्यांनी चढतो. पायरीच्या जरा खालचा हिरा, म्हणजे ४६-४७ सेंटचा, दिसायला अर्ध्या कॅरेटसारखाच आणि पैशाला हलका.

रंगाचं मोजमाप इंग्रजी डी अक्षरापासून झेडपर्यंत. डी म्हणजे पूर्ण बिनरंगी, पुढं पुढं पिवळसर झाक वाढत जाते. जीआयए संस्था १९३१ साली निघाली, ही पट्टी तिनंच पुढं रूढ केली. आधी बाजारात ए, बी, सी असे कुणाचेही शिक्के चालायचे, त्यात गल्लत नको म्हणून डीपासून सुरुवात. पिवळ्या सोन्यात बसवायचा असेल तर डी-ई वर पैसे घालू नका, भोवतीच्या सोन्याची झाक त्यात उतरतेच. जी-एच घ्या, आय सुद्धा चांगला दिसतो.

स्वच्छता म्हणजे आतले डाग, भेगा. दहापट भिंगातून बघून ठरवतात. व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय, मग आय (रंगातला आय वेगळा), असे डाग वाढत जातात. व्हीव्हीएसचा डाग तुम्हाला भिंगातूनही शोधायला वेळ लागेल, मग त्याचे जादा पैसे कशाला? व्हीएस-२ किंवा बघून पारखून एसआय-१ घ्या. फक्त डाग कुठं आहे ते पाहा. बरोबर मधे काळा ठिपका नको, आणि अगदी कडेला भेग नको, तिथं धक्का लागला की कपचा उडतो.

तुमच्या तीन किमतींपैकी ७२ हजार आणि एक लाख पाचमधला फरक बहुधा रंग आणि स्वच्छतेचा असणार. महाग दुकानाला विचारा, व्हीव्हीएस आणि ई-एफ दाखवलात का? हो म्हणाले तर तुम्हाला त्याची गरज नाही.

वाळूजकर

कारागीरदादा, तुमची पोस्ट दोनदा वाचली. गुरुजींच्या तिसऱ्या दुकानाचं काय, तेही सांगा. मी पण पुढच्या वर्षी लग्न करतोय आणि माझ्या बजेटमध्ये लॅबचाच बसतोय. घरात म्हातारी माणसं "नकली घालणार का पोरीला" म्हणायलीत. ऐकून वाईट वाटतं.

परत आलेला कारागीर

वाळूजकर, नकली नाही तो. खाणीतला हिरा म्हणजे कार्बन, लॅबमधलाही कार्बनच. कठीणपणा तोच, चमक तीच. मी दोन्ही घासलेत, सरावलेल्या हातालाही फरक कळत नाही. खाणीतला हिरा जमिनीखाली दीडशे किलोमीटर आणि त्याहून खोल, शंभर-तीनशे कोटी वर्षांपूर्वी बनला. लॅबचा काही आठवड्यांत बनतो, एक तर प्रचंड दाबाखाली किंवा वायूतून थरावर थर चढवून. पहिल्याला एचपीएचटी म्हणतात, दुसऱ्याला सीव्हीडी. भिंगातून ओळखू येत नाही, त्याला मशीनच लागतं. २०२३ साली आपल्या पंतप्रधानांनी अमेरिकेत तेव्हाच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बायडन बाईंना दिलेला साडेसात कॅरेटचा हिरा लॅबचाच होता. त्यामुळं मान खाली घालायचं काही कारण नाही.

पण किमतीचं स्पष्ट बोलतो. लॅबचा माल पाहिजे तितका वाढवता येतो, म्हणून गेल्या काही वर्षांत त्याचा भाव फार कोसळला. आज घेतलेला उद्या विकायला गेलात तर हातात फारसं काही येणार नाही. घालायला घ्या, बायकोला आवडला म्हणून घ्या, मोठा दिसतो म्हणून घ्या. अडीनडीला उपयोगी पडेल म्हणून घेऊ नका.

आणि लॅबचा हिरा लॅबचा म्हणूनच विकला पाहिजे. त्याच्या कागदावर लॅबमध्ये वाढवलेला असं स्वच्छ लिहिलेलं असतं. खाणीतला घेत असाल तर बिलावर "नैसर्गिक हिरा" हे शब्द मागून घ्या.

जुना जालनेकर

अडीनडीचा विषय निघाला म्हणून लिहितो. खरं तर हे घराबाहेर कुणाला सांगितलेलं नाही.

२०१६ साली एका दुकानातून बायकोसाठी पेंडंट घेतलं. छोट्या छोट्या हिऱ्यांचं फूल, सगळे मिळून १ कॅरेट १० सेंट. एक लाख साठ हजार मोजले. विकणारा म्हणाला, "साहेब, हे सोन्यासारखंच समजा, वाढतच जाणार." मी कारखान्यात फोरमन. सोनं कळायचं तेवढ्यावर विश्वास ठेवला.

२०२२ मध्ये बायकोच्या ऑपरेशनला पैसे लागले. पेंडंट घेऊन चार ठिकाणी गेलो. प्रत्येकानं ते तराजूत टाकलं, सोन्याचे तेवढे पैसे सांगितले आणि हिऱ्यांकडं बोट करून मान हलवली. एकानं समजावून सांगितलं की बारीक हिरे काढण्यात निम्मे खराब होतात, त्यांना कोण विचारतो. जिथून घेतलं तिथं गेलो तर म्हणे बदली करून दुसरा दागिना घ्या, रोख मिळणार नाही. कागद दाखवला, तर तो कुठल्या प्रयोगशाळेचा नव्हताच. दुकानाच्याच नावाचं जाड चकचकीत कार्ड, त्यावर किंमत छापलेली. शेवटी पाटल्या मोडल्या, त्या संध्याकाळी पैसे हातात होते.

पेंडंट अजून कपाटात आहे. बायको घालते, छान दिसतं तिच्या गळ्यात. पण त्या चार दुकानांतून बाहेर पडताना जे वाटलं ते कुणाच्या वाट्याला येऊ नये. गुरुजी, घ्यायच्या आधीच विचारा: परत आणलं तर रोख किती, बदलीत किती, सोन्याचे वेगळे किती आणि हिऱ्याचे वेगळे किती. तोंडी नको, बिलाच्या पाठीमागं लिहून सही-शिक्का.

सराफ्यातली सून (नांदेड)

जालनेकर भाऊ, मन भरून आलं वाचून. आमच्याच धंद्यातल्या माणसानं तुम्हाला असं सांगितलं याची लाज वाटते. हिरा हा सोन्यासारखा नाही, हे आम्ही काउंटरवरच सांगायला पाहिजे. सोन्याला रोजचा एक भाव असतो, लातूरला मोडा की नांदेडला. हिऱ्याला तसा रोजचा भाव नाही, प्रत्येक दगडाचा वेगळा, आणि घेणारा व्यापारी घाऊक दरानं मोजतो, त्यातूनही आपला नफा काढतो.

दोन गोष्टी जोडते. "एकूण ५० सेंट" आणि "५० सेंटचा एक हिरा" यात मोठा फरक आहे. पहिल्यात पाच पाच सेंटचे दहा दाणे असू शकतात, आणि मोठ्या एका दगडापेक्षा ते खूप स्वस्त असतात. आणि ज्या कागदावर रुपये छापलेत तो प्रयोगशाळेचा ग्रेडिंग रिपोर्ट नसतो. रिपोर्टात हिऱ्याचे गुण असतात, किंमत नसते.

परभणीकर मावशी

मला एवढं शास्त्र कळत नाही, पण आमच्याकडं एक पक्कं सांगतात की हिरा ऐरणीवर ठेवून घण मारला तरी फुटत नाही, तोच खरा. गुरुजींनी कुड्या तशाच तपासू नयेत म्हणून विचारते, खरं आहे का हे? आणि हिरा सगळ्यांना लाभत नाही म्हणतात, पत्रिका दाखवावी का?

परत आलेला कारागीर

मावशी, बरं झालं विचारलंत. घण अजिबात मारू नका. कठीण असणं वेगळं आणि न फुटणं वेगळं. हिऱ्यावर दुसऱ्या कशानं ओरखडा काढता येत नाही, हिऱ्याच्याच भुकटीनं त्याला घासावं लागतं. पण त्याला ठरावीक दिशेनं फट असते, तिथं टोला बसला की सरळ दोन तुकडे. जुने कारागीर याच गुणावर कच्चा दगड फोडायचे. ऐरणीच्या समजुतीपायी किती खरे हिरे नकली ठरून चुरा झाले असतील, विचार केला तरी वाईट वाटतं.

पाण्यात बुडवून बघणं, फुंकर मारून वाफ किती लवकर जाते ते बघणं, यांवरही भरवसा नको. अमेरिकन डायमंड म्हणतात तो क्युबिक झिरकोनियाचा खडा पण बुडतोच. दुकानात पेनासारखं यंत्र असतं, टोक टेकवलं की हिऱ्याला बीप करतं. ते उष्णता किती वेगानं वाहते ते मोजतं. काच, अमेरिकन डायमंड त्यात पकडले जातात. मॉइसनाइट नावाचा खडा मात्र या यंत्राला फसवतो. तो भिंगातून जरा तिरका बघितला तर पलीकडच्या पैलूंच्या कडा दुहेरी दिसतात, हिऱ्याला तसं होत नाही.

पत्रिकेचं ज्याच्या त्याच्या श्रद्धेवर. मी हजारो हिरे बोटांत धरले, घरदार सुखरूप आहे.

गोदाकाठचा वाचक

गुरुजींच्या कुड्यांवरून आठवलं. आपला मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळं जुन्या घरांत हैदराबादचा माल सापडणं साहजिक आहे. पण "निजामाच्या काळातला" म्हणजे "गोवळकोंड्याचा" असं नसतं. गोवळकोंडा ही बाजारपेठ होती, खाणी कृष्णेच्या काठी कोल्लूरसारख्या ठिकाणी होत्या, आणि अठराव्या शतकात ब्राझीलमध्ये हिरे सापडेपर्यंत जग मुख्यतः भारताचेच हिरे वापरत होतं. १८६७ पासून दक्षिण आफ्रिकेचा माल सुरू झाला आणि मग तो आपल्याकडंही आला.

निजामाचा सर्वांत प्रसिद्ध जेकब हिरासुद्धा आफ्रिकेचा मानला जातो. वजन १८४.७५ कॅरेट. सहाव्या निजामानं, महबूब अली खाननं, तो जेकब नावाच्या व्यापाऱ्याकडून घ्यायचा ठरवला आणि व्यवहार कलकत्त्याच्या कोर्टात गेला. पुढं तो जुन्या जोड्याच्या टोकात सापडला आणि सातव्या निजामानं कागदावर वजन म्हणून ठेवला असं सांगतात. १९९५ मध्ये भारत सरकारनं निजामाचे दागिने सुमारे २१८ कोटींना घेतले, त्यात हा हिरा आहे. हैदराबादच्या सालारजंग म्युझियममध्ये दागिने मांडले होते तेव्हा मी तासभर त्या काचेपुढं उभा होतो. जवळपास अक्रोडाएवढा लांब दगड, आणि रात्रीच्या पाण्यासारखा शांत.

परत आलेला कारागीर

गुरुजी, कुड्यांबद्दल. मागून बंद कोंदण असेल तर खड्याच्या मागं बहुतेक चांदीचा वर्ख किंवा चकचकीत पत्रा असणार. जुना कट जाड आणि खोल, पैलू मोठे, म्हणून मागं वर्ख देऊन चमक वाढवायचे. त्यात पाणी शिरलं की वर्ख काळा पडतो आणि हिरा मेल्यासारखा दिसतो. साबणाच्या पाण्यात, दुकानातल्या धुण्याच्या मशीनमध्ये काही घालू नका. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा.

भिंगातून बघा. पैलूंच्या कडा धारदार असतील तर हिरा असण्याची शक्यता जास्त. काचेच्या कडा इतक्या वर्षांत झिजून गोलसर होतात. जुन्या कटात बरोबर मधे खाली छोटा गोल ठिपका दिसतो, तो दोष नाही. तळाचं टोक तेव्हा चपटं ठेवायचे.

अंगठीसाठी एक खडा काढायला सांगू नका. चौदातला एक काढला की कुडी मोडली.

उदगीरचे गुरुजी

सगळ्यांचे मनापासून आभार. तुमच्या पोस्टी मुलानं वहीत उतरवून घेतल्या आणि रविवारी आम्ही लातूरला गेलोत.

ज्या दुकानात ७२ हजार सांगितले होते तिथंच गेलो. मुलानं आधी माप विचारलं. मालक क्षणभर बघत राहिले, मग आत जाऊन कागद घेऊन आले. जी रंग, व्हीएस-२, कट एक्सलंट, माप ४.३१ मिलिमीटर. मग भिंग मागितलं. मला पाच मिनिटं काहीच दिसेना. डोळा जवळ नेला की पापण्याच आड यायच्या. मालकांनी दाखवलं, भिंग डोळ्याला चिकटवायचं आणि हिरा हळूहळू जवळ आणायचा. अचानक कडेवरचे आकडे दिसले, राखाडी, मुंगीच्या पायांएवढे. मुलानं कागदावरून नंबर वाचला आणि मी भिंगातून वाचला. शेवटचा आकडा जुळला तेव्हा दोघांच्याही अंगावर काटा आला.

मग दुकानाच्या दिव्यांखालून उठून दाराशी गेलो, सावलीत. शेजारी एफ रंग, व्हीव्हीएसचा, कट "गुड" असलेला महागडा हिरा ठेवून बघितला. दिव्याखाली दोन्ही सारखेच लखलखत होते. सावलीत महागडा मधे मळकट पडला आणि आमचा तसाच जिवंत राहिला. कारागीरदादा, तुम्ही म्हणालात ते डोळ्यानं बघितलं.

बिलावर "नैसर्गिक" लिहून घेतलं, सोनं ३.१४० ग्रॅम वेगळं, मजुरीत थोडं कमी केलं, एचयूआयडी अ‍ॅपमध्ये बघितला. परताव्याचं पाठीमागं लिहून सही घेतली: सोन्याला त्या दिवसाचा भाव, हिऱ्याला रोखीत बिलाच्या सत्तर टक्के, बदलीत नव्वद. जालनेकर भाऊ, ते मालक लिहीत होते तेव्हा तुमचीच आठवण होती मनात.

आता कुड्या. त्याच मालकांनी पेनाचं यंत्र लावून आमच्यासमोर एकेक खडा तपासला. डाव्या कुडीचे सातही बोलले. उजवीचे सहा बोलले, खालचा एक बोलला नाही. परत लावलं, परत गप्प. भिंगातून बघितलं तर त्याच्याच कडा गुळगुळीत झालेल्या. बाकी तेरा जुन्या कटाचे हिरे, मधे तो ठिपका आहेच. मॉइसनाइट तेव्हा कुठून येणार, असं मालकच म्हणाले.

घरी येऊन आईला कसं सांगावं याच विचारात होतो. सांगितल्यावर ती म्हणाली, "मला तवाच कळलं होतं." ७२ च्या दुष्काळात कुड्या गहाण टाकल्या होत्या. दीड वर्षानं सोडवून आणल्या, त्या रात्री तिनं चिमणीपुढं धरून बघितल्या. तेरा खड्यांत उजेड हलायचा आणि एक मुका राहायचा. वडील दुष्काळात वाटलेल्या सुकडीवर जगलेल्या लेकरांच्या काळजीत होते, त्यांना आणखी घोर नको म्हणून ती बोलली नाही. ते गेले तरी बोलली नाही. पन्नासेक वर्षं तोच मुका खडा कानात घालून ती लग्नकार्यात मिरवली.

मी म्हटलं, राहू दे आई, तशीच देऊ आठवण म्हणून. तर म्हणाली, "नाही. पोरीला द्यायच्या तर पुऱ्या देऊ. तिथं खरा बसव."

तेव्हा आता विचारणं एवढंच, जुन्या कटाचा जोडीचा हिरा मिळतो का कुठं?

परत आलेला कारागीर

माउलीला माझा नमस्कार सांगा.

नवा सत्तावन्न पैलूंचा हिरा तिथं बसवू नका. तो एकटाच जास्त चमकेल आणि बाकीचे तेरा म्हातारे दिसतील. जुन्या कटाचाच लागेल, आणि रंगही थोडा पिवळसर बघावा लागेल. सुरतेत नवा माल जुन्या पद्धतीनं घासून देणारे आहेत, पण मोडीतून निघालेला जुना हिरा मिळाला तर त्याला तोड नाही.

सराफ्यातली सून (नांदेड)

गुरुजी, आमच्याकडं मोडीतून निघालेले जुने हिरे सासऱ्यांनी एका पुडीत जपून ठेवलेत. सात-आठ तरी कुडीच्या मापाचे असतील. आमचे कोंदणाचे कारागीर सत्तरीचे आहेत, बंद घाटाचं काम त्यांना येतं, वर्खही तेच घालतात. खडा तुमच्यासमोर यंत्रावर तपासून, वजन करून, मगच बसवू.

मंगळवार सोडून कधीही या, त्या दिवशी आमचं दुकान बंद असतं. दोन्ही कुड्या आणा, एकच नको, जोडी शेजारी ठेवूनच रंग जुळवावा लागेल. डबीत कापूस घालून आणा. आणि जमलं तर माउलीलाही घेऊन या. कुठला खडा जुळतो ते त्यांनाच आधी दिसेल.

उदगीरचे गुरुजी

गुरुवारी निघतो. आई आतापासूनच लुगडं काढून बसलीय.